महिपत तांडेल पोचले

नम्रता चोगले रत्नागिरीत टेस्टर आहे, आणि ते नेमकं काय हे हर्णेतल्या तिच्या आईला आजवर कळलेलं नाही. "दुसऱ्याच्या चुका काढते नि पगार घेते," असं आई शेजारणींना सांगते. तसं बघायला गेलं तर खोटं काय त्यात! पोरगी भारी चिकाटीची. तिच्या हाताखालून चूक सुटली असं ऑफिसात कुणी म्हणालं नसतं.

त्या दिवशी काम होतं मच्छीमार सोसायटीच्या नुकत्याच सुरू झालेल्या वेब सर्व्हिसचं. बोट बंदरात आली की नोंद करायची, घरच्यांच्या मोबाईलवर मेसेज जायचा. अशी सर्व्हिस तपासायची तर आधी तिचा पत्ता कॉम्प्युटरला द्यावा लागतो. तो आपणहून 'प्रॉक्सी क्लास' नावाचा प्रोग्रामचा एक तुकडा लिहून देतो. हा प्रॉक्सी म्हणजे कोर्टातला मुखत्यार समजा. तुम्ही इथे बसून हुकूम सोडायचा, तो लांबच्या सर्व्हरवर जाऊन तुमच्या नावाने काम उरकून येणार. पण मेला जातो कुठे? ज्या पत्त्यावरून बनवला, त्याच पत्त्यावर. दुसरीकडे पाठवायचा तर बजावून सांगावं लागतं.

सकाळी टेस्टचा सर्व्हर बंद होता. नम्रता म्हणाली, खऱ्या सर्व्हिसवरून क्लास तेवढा बनवून घेते, चालवताना पत्ता बदलीन. आणि विसरली! मनचा नंबर टाकला तर 'अशी बोट नाही' म्हणून सर्व्हिस परतवून लावायची. तिला तोंडपाठ असलेला खरा नंबर एकच, बापूस महिपत ज्या बोटीचा तांडेल, म्हणजे म्होरक्या, तिचा. तोच तिने टाकला. 'पोचली' असं उत्तर आलं, टेस्ट पास झाली, बाई खूश होऊन जेवायला गेली.

संध्याकाळी आईचा फोन.

"नमे, बाबा पोचले म्हणून सकाळीच मेसेज आला गो. मी किनाऱ्यावर जाऊन आले, बोट काय दिसत नाही. पण शेजारचा रामा म्हणतो, टपरीवर चहा पिताना बघितलं. विमलाला तर त्यांनी हाक मारली म्हणे. मग घरी का येत नाहीत?"

नम्रताने फोन कानाशी धरूनच सकाळचं काम काढलं. तिने क्लास उघडला. पत्ता खऱ्या सर्व्हिसचा होता.

म्हणजे बापूस अजून समुद्रातच होता, आणि गावात त्याला बघणारी माणसं निघाली होती! चहा काय पितो, हाका काय मारतो! खऱ्या महिपतला यायला केव्हाचा उशीर झाला होता, पण आलेल्या माणसाला शोधायला कोण जातो?

तिने सोसायटीत फोन लावून आपली चूक सांगितली.

"ताई, उगाच घाबरता. बोट आलीय, स्क्रीनवर दिसतंय ना," तिथला माणूस म्हणाला.

केलेली नोंद मागे घ्यायची सोय सर्व्हिसमध्ये नव्हतीच. पुढची नोंद एकच होती, 'बेपत्ता'. ती झाली की शोधाच्या बोटी निघणार, आणि तसा मेसेज घरीही जाणार. जन्मदात्या बापाच्या नावापुढे हे घालायचं! तिने आईला आधी सांगितलं, "आता येईल तो मेसेज मीच धाडलाय. सकाळचासुद्धा माझाच होता." नम्रताने डोळे मिटून बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बोट ओढून आणली. इंजिन बंद पडलं होतं. बाकीचे खलाशी उड्या टाकून उतरले, पण महिपत तांडेल जागचे हलेनात. नम्रता गुडघाभर पाण्यातून बोटीपाशी गेली.

"काल संध्याकाळी आपल्या गावच्या सागरची बोट अगदी जवळून गेली गो, बंदरातून नुकतीच निघालेली," ते म्हणाले. "शर्ट हलवला, बोंब मारली. तर आम्हाला बघून त्याची माणसं हात जोडायला लागली. सागर ओरडला, 'महिपतकाका तर घरी पोचले! तू कोण?' आणि बोट वळवून पळाले."

त्यांनी गावाकडे मान वळवली.

"मग माझंच मला कळेना. घरी कोण गेला असेल?" त्यांनी हात पुढे केला. "धर गो नमे. बघ, मीच आलोय ना?"

नम्रताने दोन्ही हातांनी तो हात धरला. पण होय म्हणण्याआधी तिची नजर किनाऱ्यावरच्या चहाच्या टपरीकडे गेली.