कंपनी फिटिंगचा टेप

माझ्या धाकट्या मुलाचं लग्न मोडायला मी एकटी पुरेशी होते. तरी गाडीनं मदत केली.

गाडी आमच्या मालकांनी नांदेडच्या एका डॉक्टरकडून जुनी घेतली होती. रंग चांगला, सीटा चांगल्या, दारं एका हिसक्यात लागायची (आणि पुढच्या वळणावर उघडायची). पण मालकांचा जीव अडकला होता तो टेपात. "कंपनी फिटिंग हाय," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. म्हणजे टेप बाजारातून आणून बसवलेला नाही, गाडी कारखान्यातून निघाली तेव्हाच तिच्या पोटात होता. तोवर लोह्यातल्या वडाप जीपांमध्येसुद्धा सीडी वाजायला लागल्या होत्या. आमच्यात मात्र कॅसेट. एक बाजू संपली की टेप आपोआप दुसरी लावायचा, ती संपली की पुन्हा पहिली. गप्प बसणं त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

दत्ता, म्हणजे माझा धाकटा, म्हणायचा, "बाबा, हे काढून सीडीवाला बसवू की."

"कंपनी फिटिंगला हात लावला की गाडीचा भाव गेला," मालक म्हणायचे. (माझ्या पाटल्या मोडताना भावाची ही काळजी त्यांना सुचली नव्हती.)

आता माझं सांगते. मी चौथी शिकलेली. वाचता येतं, पण लिहायला बसले की हात दुखतो आणि तोवर राग थंड होतो. म्हणून देगलूरला दिलेल्या माझ्या लेकीला, शोभाला, मी कॅसेट भरून पाठवायचे. तिच्या सासरी फोन होता, पण बैठकीत. ती बोलायला लागली की सगळं घर कान लावून बसायचं. कॅसेट तिला खोलीत एकटीला ऐकता यायची. त्या खेपेला कोरी कॅसेट सापडेना. मालकांची एक भजनाची कॅसेट घेतली, तिच्या कडेच्या भोकांत कागदाचे बोळे कोंबले (असं केलं की भरलेल्या कॅसेटवर पुन्हा भरता येतं) आणि दत्तासाठी बघितलेल्या लातूरच्या मुलीची सगळी हकीकत भजनावर भरून टाकली. वरची चिठ्ठी भजनाचीच राहिली, आणि कॅसेट देगलूरला धाडायची तेवढी राहून गेली.

लातूरची माणसं मूळची किल्लारीकडची. भूकंपानंतर शेत वाट्यानं लावून लातुरात आली आणि क्लासच्या पोरांसाठी मेस काढली. तेव्हा लातुरात दर गल्लीत डॉक्टर होऊ घातलेली पोरं राहायची आणि त्या सगळ्यांना दोन वेळा भूक लागायची. मेस जोरात चालली. मुलगी मनीषा, तिचा बाप भगवानराव, आई कलावतीबाई. मुलगी आम्हाला पसंत होती. आता रीतीप्रमाणे त्यांनी आमचं घर बघायला यायचं, आणि मग सुपारी फोडायची.

"पाव्हणे एसटीनं येणार अन् आपली गाडी दारात उभी राहणार का?" मालक म्हणाले. म्हणून दत्ता, मालक आणि मी, आम्ही तिघं गाडी घेऊन लातूरला निघालो. शुभकामाला निघालोय म्हणून मालकांनी हौसेनं भजनाची कॅसेट टेपात सारली.

टाळ वाजले नाहीत. मी बोलायला लागले.

"शोभे, ऐक. तुझ्या बापानं परवा लातुरात माझी इज्जत घालवली. दुसऱ्याच्या घरी तिसऱ्यांदा भात मागून घेतला."

मालकांनी माझ्याकडं बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर तूर चांगली आली होती.

दत्तानं कॅसेट काढायचं बटण दाबलं. कॅसेट निघेना. स्क्रू ड्रायव्हरचं टोक घालून हिसकली तेव्हा बटणच निघून हातात आलं. शेवटी आवाजाचं बटण उलटं फिरवून टेप बंद केला. एवढ्यात गाडी खड्ड्यात आदळली आणि मी पुन्हा बोलायला लागले. आत काहीतरी ढिलं झालं होतं. हादरा बसला की टेप आपोआप सुरू व्हायचा.

गाड्यांची वायरिंग करणाऱ्या कादरभाईचं दुकान रस्त्यातच होतं. त्यानं डोकं आत घालून बघितलं.

"अम्मा, हे काढायला पुढचा सगळा पत्रा खोलावा लागतो. कंपनीनं असं बसवलंय की कंपनीलाबी निघायचं न्हाई."

"मग फ्यूज काढ," दत्ता म्हणाला.

"हॉर्नबी त्याच्यावरच हाय. हॉर्नबिगर लातूरला जाता का?"

"वायर तोडून टाक," मी म्हणाले.

"खबरदार," मालक म्हणाले. "कंपनी फिटिंग हाय."

लातुरात चहापाणी झालं. मुलगी घरीच राहिली, आईबाप गाडीत बसले. पुढं दत्ता आणि मालक, मागं भगवानराव एका खिडकीला, मी दुसऱ्या खिडकीला आणि मधे कलावतीबाई. बाई बसल्याबसल्या बोलायला लागल्या. मेसमधलं कोणतं पोरगं वांगं खात नाही इथून सुरुवात. मला बरंच वाटलं. त्यांच्या आवाजात दुसऱ्या कुणाचा आवाज ऐकू येणं अवघड होतं.

चाकूरच्या पुढं पहिला खड्डा आला.

"...अन् तुझा बाप म्हणशील तर..." टेपातून मी म्हणाले. दत्तानं झडप घालून बंद केला.

"कोण बोललं?" कलावतीबाई.

"रेडिओ," मालक म्हणाले.

"बाई तर आपल्याच भागातली वाटली."

"नांदेड केंद्र," मालक म्हणाले. हा माणूस इतक्या पटकन खोटं बोलू शकतो हे मला त्या दिवशी कळलं. घरी जाऊन त्याचा विचार करायचं मी ठरवलं.

दत्तानं मग खड्डेच चुकवायचं ठरवलं. आमचा तेव्हाचा रस्ता ज्यानं बघितलाय त्याला कळेल. तिथं खड्डे चुकवणं म्हणजे रस्ताच चुकवणं. गाडी डावीकडं गेली, उजवीकडं गेली, बाभळीला शिवून आली, समोरून येणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरला भेटून आली. दत्ताला घाम फुटला. डोळे लाल झाले. मागून मी खोकत होते, कारण मधूनच एखादा शब्द निसटायचा.

कलावतीबाई नवऱ्याच्या कानाशी वाकल्या. त्यांचं कुजबुजणं शेतात काम करणाऱ्या बायकांनाही ऐकू गेलं असेल.

"आवं, पोरगं घेऊन आलंय वाटतं."

भगवानराव सभ्य माणूस. त्यांनी आधी समोरून येणारा ट्रक जाऊ दिला. मग म्हणाले, "गाडी जरा कडंला घ्या."

गाडी थांबली. ते खाली उतरले, दत्ताच्या खिडकीपाशी आले आणि म्हणाले, "फुंक मारा."

"काय?"

"तोंडातून फुंक मारा जरा."

लग्नाच्या पोरानं होणाऱ्या सासऱ्याच्या नाकावर फुंक मारली. मी एवढी वर्षं जगले, असलं काही बघितलं नव्हतं. भगवानरावांनी वास घेतला, विचार केला, पुन्हा घेतला.

"वास न्हाई," ते म्हणाले.

"आजकाल वास न येणारी मिळते," कलावतीबाई गाडीतूनच म्हणाल्या. "आपल्या मेसमधला तो उंच पोरगा न्हवता का? वास न्हाई आला, पण जिन्यावरून पडला."

"मामी, मी सुपारीसुद्धा खात न्हाई," दत्ता म्हणाला.

"मग गाडी अशी नागिणीवाणी कामून चालवून राहिलाव?"

दत्तानं माझ्याकडं बघितलं. सांगायचं तर आईची अब्रू जाणार, न सांगायचं तर बायको जाणार. पोरगं गप्प बसलं. गुणाचंच म्हणायचं.

"अमदपूर आलंच," कलावतीबाई म्हणाल्या. "आमाला स्टँडवर सोडा. आमी एसटीनं माघारी जातो. काय राग मानू नका, पण एकुलती एक पोरगी हाय."

मालक घसा खाकरून पुन्हा नांदेड केंद्राकडं वळणार, एवढ्यात मी म्हणाले, "दत्ता, आवाज मोठा कर."

"माय, नको."

"कर म्हणते ना."

दत्तानं बटण फिरवलं. आणि मी बोलले, पोटभर बोलले.

"शोभे, पोरगी लई चांगली हाय. उंच, कामाची, दात सरळ. आपल्या दत्त्यात त्यांनी काय बघितलं देव जाणे. बाप भला माणूस हाय, पण बायको बोलू देत न्हाई. अन् आई म्हणशील तर, ती बोलायला लागली की भिंतीवरची पालसुद्धा जागची हलत न्हाई. मी तासभर बसले, मला फक्त हाव म्हणायची जागा भेटली. चहा तर असा केला की कपाच्या बुडाचं फूल वरून दिसत हुतं. मेसचा हात, दुसरं काय. अन् म्हणते, मी स्लॅबखाली झोपत न्हाई, भूकंपाची भ्या वाटते. इतकी वर्षं झाली की आता. हिच्या बोलण्याला भिऊन धरणीच हलायची न्हाई."

टेप खरखरला आणि पुढं देगलूरच्या मिरच्यांच्या भावाकडं वळला. दत्तानं बंद केला. भगवानराव रस्त्यावर उभे राहून आपल्या चपला बघत होते. त्यांचे खांदे हलत होते. ते रडत नव्हते.

कलावतीबाई गप्प होत्या. त्या गप्प बसू शकतात हे भगवानरावांनाही नवीन असावं, त्यांनी वाकून आत बघितलं.

"माझी सासू माळवद कोसळून त्याखाली गेली," बऱ्याच वेळानं बाई म्हणाल्या. "भूकंपात. आमी अंगणात निजलो हुतो म्हणून वाचलो."

माफी मागायची सवय नाही मला.

"ती बी तुमच्यासारखीच हुती," त्या म्हणाल्या. "सगळ्या गावाला नावं ठिवायची. माझ्या चहाला तर रोजच."

"मग चहा सुधारायचा हुता," मी म्हणाले. तोंडातून गेलंच.

दत्तानं डोळे मिटले. कलावतीबाईंनी पदर नीट केला.

"आवं, बसा आत," त्या म्हणाल्या. "आता हिचं घर बघायलाच पायजे."

पुढचा सगळा रस्ता दत्तानं गाडी सरळ चालवली. खड्डा आला की मी बोलायचे, आणि कलावतीबाई टेपातल्या मला जागच्या जागी जबाब द्यायच्या. मिरचीच्या भावावरसुद्धा त्यांचं माझ्याशी पटलं नाही.

घरी आल्यावर बाईंनी सगळं घर पायाखाली घातलं. डबे उघडले, मोरी बघितली, गादी दाबून बघितली. बैठकीच्या स्लॅबखाली मात्र बसल्या नाहीत. पडवीला पत्रा आहे, तिथं सतरंजी टाकली. थोरली सून कमल चहा घेऊन आली आणि कप ठेवून आत गेली.

कलावतीबाईंनी कप उचलला, आत वाकून बघितलं आणि एक घोट घेतला. मग कप खाली ठेवला. सगळे त्यांच्या तोंडाकडं बघायला लागले. मालकांनी सुपारी हातात धरून ठेवली होती.

"ह्यो चहा कुणी केला?"

मी आयुष्यात तोंडावर बोलणारी बाई. सगळं लोहा मला त्यासाठी ओळखतं (आणि टाळतं). पण पोराच्या लग्नाचा प्रश्न होता.

"थोरल्या सुनेनं," मी म्हणाले.

आतून कमलचा आवाज आला, "आत्याबाई, मी कवा केला? मी तर दळण आणाया गेलते. तुमीच केलाव न्हवं का, मी आले तवा साखर किती टाकली ती मोजून बी दाखवली मला."

मालकांनी सुपारी मुठीत लपवली. मग कलावतीबाई हसल्या, आणि बाईंचं हसणंही बोलण्यासारखंच निघालं, लवकर संपेना.

"फोडा सुपारी," त्या मालकांना म्हणाल्या. "पोरगी दिली. विहीणबाईचं तोंड वाईट हाय, चहा त्याच्याहून वाईट हाय. पण खोटं बोलली तर घरातच पकडली जाते, म्हंजे माझ्या पोरीला काय भ्या न्हाई."