घासलेला गोळा

माझ्या माहेरी एक नियम होता. आमच्या दारातून दुसऱ्याच्या घरी जाणारी वस्तू काळी जाता कामा नये. अब्बा कल्हईवाले. भाता आणि भट्टी सायकलला बांधून ते गावोगाव फिरत आणि जी भांडी तिथं उरकत नसत ती घरी घेऊन येत. कुणाचं रोजचं पातेलं असो की लग्नातला हंडा, अम्मी आणि मी तो आधी चिंच-राखेनं घासायचो, मग अब्बा कल्हई लावायचे, मग जुन्या लुंगीच्या फडक्यानं पुन्हा पुसायचं. गिऱ्हाइकाला त्यात स्वतःचं तोंड दिसलं पाहिजे. माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी हळद लावून अम्मीनं मलाही अस्संच घासलं होतं. मी ओरडले तर म्हणाली, "दुसऱ्याच्या घरी चालली तू. तशीच पाठवू काय?"

हे आधी सांगते, कारण पुढं मी जे केलं त्याला दुसरं कुठलंच कारण मला सापडत नाही. मी शिकलेली बाई आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. मूर्ख म्हणून घ्यायची मला सवय नाही.

माझ्या नवऱ्याचा यवतमाळजवळच्या लोहारा गावच्या एमआयडीसीत लेथ होता. वणीकडच्या कोळशाच्या ट्रकांचे बुश, जिनिंगमधले झिजलेले शाफ्ट, असली कामं. लोखंड स्वस्त पडतं म्हणून ते वर्षातून तीन-चार वेळा हैदराबादच्या भंगार बाजारात जायचे. तिथं एका गल्लीत अवकाशयानांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यांतला नापास माल येतो, हे त्यांना कळलं आणि आमच्या घराला ग्रहण लागलं. आधी एक झडप आली. मग बोटाएवढ्या नळ्यांची एक जुडी. मग फुलपात्रासारखं एक तोंड, ज्यातून म्हणे आग निघायची होती पण कधी निघाली नाही. मागची पत्र्याची खोली, जिथं मी पापड-कुरड्या ठेवत असे, ती भरत गेली आणि माझे डबे माळ्यावर गेले. मी भांडायची. "चांदीचे दागिने आणले असते तर अंगावर तरी घातले असते," म्हणायची. ते मला चिडवायला मॅडम म्हणत. "मॅडम, हे चांदीपेक्षा महाग काम हाय. पाहून तर घ्या." मी पाहिलं नाही. बघायचंच नाही, असं मी ठरवलंच होतं.

एकदा गोळा आला. टरबुजाएवढा, करड्या धातूचा, आतून पोकळ. ट्रकवाल्यानं त्यांना पांढरकवड्याला उतरवलं आणि तिथून एसटीत ते गोळा गोधडीत गुंडाळून मांडीवर घेऊन आले. कंडक्टरनं विचारलं, "चाचा, लेकरू हाय का?" तर म्हणाले, "हो, झोपलं हाय, हळू बोल." ही गोष्ट ते दर ईदला पाहुण्यांना सांगत आणि दर वेळी स्वतःच आधी हसत.

अवकाशयानात वायू भरून ठेवायची ती टाकी होती. मधोमध सांध्याचा पट्टा, त्यावर तापून आलेली निळी-जांभळी झाक. बाजूला शाईनं छापलेला लांब नंबर, दोन-तीन बारके गोल शिक्के आणि एका ठिकाणी कुणीतरी पेन्सिलनं केलेली खूण. मायक्रोमीटर वाचायच्या भिंगातून ते हे सगळं तासन् तास बघत. तारेनं बांधलेली एक पुठ्ठ्याची चिठ्ठीही होती, तेलकट, कोपरे गेलेली, तिच्यावर इंग्रजीत नापास केल्याचं कारण. इंग्रजीतच दोनदा दहावी नापास झालेल्या माणसानं ती अक्षर अक्षर लावून वाचली होती. "इथं एका माणसानं बसून हा तपासला," ते शिक्क्यावर बोट न टेकवता दाखवत. "त्यानं नाही म्हटलं. केसाएवढी खोट असन. मले तं दिसत बी नाही."

त्या खोलीचा त्यांचा एकच नियम. हात लावा, पण पुसू नका. हा नियम त्यांनी मला इतक्या वेळा सांगितला की तो माझ्या कानाला ऐकू येणं बंद झालं.

एका विज्ञान दिनाला मुख्याध्यापकांनी आग्रह केला म्हणून ते गोळा घेऊन माझ्या शाळेत आले. पोरांनी त्याला कान लावले, टिचक्या मारल्या. एका पोरीनं विचारलं, "चाचा, हे चंद्रावर गेलतं का?"

"नाही बेटा. नापास झालं. माह्यासारखं."

पोरं खिदळली. ती पोरगी काही सोडेना. "मग कायले ठेवलं?"

"नापासायले ठेवणारं बी कोनी पायजे ना," ते म्हणाले. मी मागच्या बाकावर वह्या तपासत बसले होते. त्या दिवशी मला पहिल्यांदा त्या गोळ्याबद्दल काहीतरी वाटलं, पण घरी आल्यावर मी ते बोलले नाही.

मग एक दिवस हैदराबादहून एक गृहस्थ गाडी करून आले. अशा वस्तू जमवायचा त्यांना शौक होता. घरात काचेची कपाटं आहेत, आतून दिवे आहेत, असं त्यांनी मोबाईलवर दाखवलं. गोळा बघून त्यांचा चेहराच बदलला. मागाल ते देतो म्हणाले. यांनी चहा पाजला, नाश्ता दिला आणि गोळा दिला नाही. गाडी गेल्यावर मी तोंडसुख घेतलं. ते शांतपणे म्हणाले, "त्याच्या कपाटात कोन पाहीन? त्याचेच पाहुने. हा संग्रहालयात गेला पायजे. खाली चिठ्ठी पायजे, कुठून आला, काहून नापास झाला. शाळेतली पोरं रांगेनं येतीन आन् वाचतीन."

"आणि तुमचं नाव?"

"माहं कायले? लोहारा लिहिलं तरी लय झालं."

लेथ सुटला तो छातीमुळं. दम लागायचा, दहा पावलं चालले की बसायचे. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलं. त्यानंतर मी स्वतःहून एका मोठ्या शहरातल्या संग्रहालयाला पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. दुसरं लिहिलं. तिसऱ्याला उत्तर आलं की आमच्या अधिकारी शुक्रवारी येऊन वस्तू पाहतील, योग्य वाटल्यास ठेवून घेऊ. त्या वेळी ते यवतमाळच्या दवाखान्यात ऑक्सिजनवर होते. मी पत्र वाचून दाखवलं. त्यांनी ते माझ्या हातातून घेऊन पुन्हा स्वतः वाचलं, मग उशीखाली ठेवलं. "शुक्रवारी मले घरी ने," म्हणाले. "कसंबी करून ने."

बुधवारी मी त्या खोलीचं कुलूप काढलं. इतक्या वर्षांत मी आनंदानं त्या खोलीत गेले ती त्या दिवशीच. धूळ, तेल, कोळिष्टकं. मला लाजच वाटली. शहरातून मोठी बाई येणार आणि माझ्या नवऱ्याची वस्तू अशी कळकट तिच्या हातात द्यायची? मी पदर खोचला. झडपा रॉकेलमध्ये बुडवल्या. गोळा चिंच-राखेनं घासला, विटेची भुकटी लावून घासला. शाई निघाली तसा मला हुरूपच आला. सांध्यावरचा निळा डाग काही केल्या निघेना, म्हणून रिक्षात घालून माझ्या भावाकडे नेला. अब्बांच्या भट्टीच्या जागी त्याचं आता स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करायचं मशीन आहे. त्यानं चाकावर धरून गोळा असा काढला की त्यात मला माझं तोंड दिसलं. भाऊ म्हणाला, "आपा, अब्बा असते तर खुश झाले असते." मी रिक्षात तो मांडीवर घेऊन बसले आणि मला कंडक्टरची गोष्ट आठवून एकटीलाच हसू आलं.

गुरुवारी जुन्या तेलकट चिठ्ठ्या तारेतून सोडवून मी घंटागाडीत टाकल्या. पांढऱ्या कार्डावर माझ्या वळणदार अक्षरात नवीन लिहिल्या. अवकाशयानाची टाकी. अवकाशयानाची झडप. माझं अक्षर तालुक्यात नाव घेण्यासारखं आहे. त्याचा मला गर्व होता.

शुक्रवारी सकाळी त्यांना घरी आणलं आणि समोरच्या खोलीत पलंगावर बसवलं. अधिकारी बाई आल्या, पंचविशी-तिशीच्या, फार अदबीनं बोलणाऱ्या. त्यांनी पिशवीतून पांढरे हातमोजे काढून घातले. ते मोजे बघून मी माझे हात पदराआड घेतले. पत्र्याच्या खोलीतून मी एकेक वस्तू ताटातून आणून टेबलावर मांडली. सगळ्यात शेवटी तो आणला.

यांनी तो बघितला. मी त्यांच्या चेहऱ्याकडेच बघत होते, कौतुकाची वाट बघत. त्यांनी डोळे मिटून घेतले.

बाईंनी गोळा खिडकीच्या उजेडात हळूहळू फिरवला. पुन्हा फिरवला. "काका, पत्रात नंबर आहे असं लिहिलं होतं. शिक्के होते ना?"

"होते," मी म्हणाले. "मी साफ केलं."

"कोरलेलं काही?"

एक बारीक कोरलेली ओळ होती. ती माझ्या भावाच्या चाकाखाली गेली होती. त्यांनी जुन्या चिठ्ठ्यांचं विचारलं. मी घंटागाडीचं सांगितलं. खरेदीची पावती? भंगारात पावती कोण देतो. फोटो? यांचा फोन बटनाचा. मी धावत जाऊन शाळेतला विज्ञान दिनाचा फोटो आणला. बाईंनी त्याचा मोबाईलवर फोटो घेतला, मोठा केला, आणखी मोठा केला. फोटोत यांनी गोळा पोटाशी धरला होता आणि त्यांचा पंजा नेमका नंबरावर होता.

मग त्या बिचारीनं आणखी एक विचारलं. "काकू, ज्यानं पुसलं ते फडकं आहे का? कधी कधी शाई कापडावर उतरते. काहीतरी मिळेल."

यांनी डोळे उघडले. माझ्याकडे असं बघितलं की आजही ते आठवलं की मला जेवण जात नाही. त्यांना आशा वाटली होती.

फडकं अंगणातल्या दोरीवर होतं. साबण लावून, धोपटून, दोनदा पिळून मी ते वाळत घातलं होतं. आमच्या माहेरी मळकं फडकंही घरात ठेवत नाहीत. खिडकीतून ते तिघांनाही दिसत होतं. पांढरंशुभ्र.

बाईंनी समजावलं, फार सांभाळून समजावलं. वस्तू खरी असेल, माझा विश्वास आहे, पण मला ते वरच्यांना सिद्ध करून दाखवता येणार नाही. आता हा नुसता धातूचा गोळा आहे. मी भिंतीला टेकून उभी होते. मला रडू फुटलं तेव्हा हे म्हणाले, "जाऊ द्या मॅडम. काहून रडता? तुमच्या अब्बांसारखी चमक आनली तुमी." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी आयुष्यभर त्यावर जगले असते.

मग ते बाईंना म्हणाले, "नंबर सांगतो. लिहून घ्या." आणि त्यांनी तो पाठ म्हटला. इंग्रजी अक्षरं, मग आकडे, मग एक आडवी रेघ, मग पुन्हा आकडे. मधे दोनदा दम लागला, तेव्हा थांबले आणि जिथं सोडला होता तिथूनच पुढं सांगितला. बाईंनी वहीत लिहून घेतला. त्याचा काही उपयोग नव्हता हे आम्हा तिघांनाही कळत होतं. मी तोवर तोंडात पदर कोंबून स्वयंपाकघरात गेले होते, तिथून ऐकत होते.

त्यानंतर ते त्या खोलीत गेले नाहीत. हिवाळा लागला तेव्हा वारले. हैदराबादच्या गृहस्थांना मी फोन केला होता, निदान कुणाच्या तरी काचेत राहील म्हणून. "पॉलिश केला?" ते म्हणाले. "मग राहू द्या."

आता खोलीला कुलूप नाही. माझे पापडाचे डबे मी परत तिथं ठेवले नाहीत. गोळ्यावर धूळ बसली आहे आणि मी ती पुसत नाही. त्यांच्या चाळिसाव्या दिवसानंतर मी ठरवलं की संग्रहालय गेलं उडत, आपण आपल्या घरात नीट चिठ्ठी लावू. पांढरं कार्ड घेतलं. अवकाशयानाची टाकी, नापास, लोहारा, असं लिहिलं. खाली क्रमांक असं लिहिलं आणि थांबले. त्या बाईंना फोन केला. त्यांची बदली झाली होती. त्यांनी वही शोधते म्हणून सांगितलं, दोन दिवसांनी स्वतःहून फोन केला. ती वही त्यांना सापडली नाही.

गोळा घरात आल्यापासून इतकी वर्षं तो माणूस भिंग धरून तो नंबर माझ्या शेजारी बसून पुटपुटत होता. मी जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांना श्रुतलेखन घातलं. माझ्या घरात एक माणूस रोज सांगत होता आणि मी लिहून घेतलं नाही.