साडूंची सीलबंद बाटली

माणूस भेटला की त्याची तब्येत विचारणारे पुष्कळ असतात, पण "गोळी कोणती चालू आहे?" असं विचारून मगच "बसा" म्हणणारा माणूस सगळ्या झाडीपट्टीत आमच्या साडूंखेरीज दुसरा नसेल. साडू नागभीडचे. चंद्रपूरच्या एका खाजगी लॅबमध्ये टेक्निशियन. खाणी, कारखाने, ट्रकांचे यार्ड अशा ठिकाणी जाऊन कामगारांची नशेची तपासणी करायची, हे त्यांचं काम. एका हातात फुंकायचं यंत्र, दुसऱ्या हातात लघवीच्या बाटल्यांची पेटी. आमचा गडचिरोली जिल्हा दारूबंदीचा, म्हणजे इथे कोणी पीत नाही, फक्त सकाळी गेटवर यंत्र तेवढं वाजतं. साडूंनी जन्मात थेंब घेतला नाही. त्यांना नशा एकाच गोष्टीची, चौकशीची. लग्नात आपण अक्षता टाकत असतो तेव्हा हे वाजंत्रीवाल्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या बघत असतात.

तपासणीला कोणी बाटलीत पाणी मिसळू नये म्हणून संडासाच्या टाकीत निळा रंग टाकतात आणि नळ बांधून ठेवतात. ही युक्ती साडूंना इतकी आवडली की रंग किती वेळ टिकतो हे पाहायला त्यांनी घरच्याच टाकीत तो ओतला. त्या दिवशी आमचे सासरे मुक्कामाला होते. ते पहाटे संडासात गेले आणि "माह्या पोटात जहर झालं वो!" असं ओरडत बाहेर आले. साडूंनी धावत जाऊन आधी टाकी पाहिली. रंग टिकला होता. सासरे त्यानंतर वर्षभर नागभीडला राहिले नाहीत.

मोहफुलांच्या दिवसांत मेव्हणी मोहाचे लाडू करते. एकदा ताटात लाडू पडले न पडले तोच साडूंनी एक खाल्ला आणि यंत्रात फुंकलं. शून्य. दुसरा खाल्ला, पाव तास थांबले, फुंकलं. शून्य. मग माझ्याकडून, बायकोकडून, शेजारणीकडून फुंकवलं आणि लाडू करणारीपेक्षाही अभिमानाने म्हणाले, "पाहा, झाडाचा काई गुन्हा नाई!" मेव्हणी म्हणाली, "गोड कसे झाले ते सांगा ना आधी." ते सांगायचं राहूनच गेलं होतं. यंत्रावर त्यांचा जीव होता, पण आंधळा विश्वास नव्हता. "फुंकणं आजचं सांगते, बाटली मागच्या हप्त्याचं सांगते," ते म्हणायचे, "पण हा मानूस आत्ता गाडी चालवाले धड हाय का, हे कोनीच पुरं सांगत नाई."

मागच्या उन्हाळ्यात मी शिकवतो त्या शाळेला सुटी होती, म्हणून ते मला आरमोरीहून एटापल्लीकडच्या एका यार्डात घेऊन गेले. डंपरचालकांची रांग लागली होती. चाळिशीच्या एका चालकाने फुंकलं, यंत्र गप्प राहिलं; पण बाटली पुढे करताच त्याने हात मागे घेतला. सुपरवायझर म्हणाला, "नाही म्हणणं म्हणजे फेल. गाडीची चावी ठेव आणि घरी जा." चालक चावी मुठीत धरून उभा राहिला. पलीकडच्या जंगलात त्याचं गाव, आणि गावात पगारावर असलेला तो एकटाच.

"मी पेत नाई," तो साडूंना म्हणाला. "पण माह्या आंगातली चीज, वरतं माहं नाव. तुमी कोन? हे कुठी नेता? काई झालं तं मी कोनाले विचारू?"

सुपरवायझर हसला. मला हसू आलं नाही. आमच्या घरीही बायका विंचरलेल्या केसांवर कोणी करणी करू नये म्हणून थुंकून मगच ते टाकतात, वाटेल त्याच्या हाती पडू देत नाहीत. आणि साडू तर हरखूनच गेले, कारण इतक्या वर्षांत बाटली कुठे जाते हे त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. तिथेच उकिडवे बसून त्यांनी सील कसं लागतं, गाडी कोणत्या रस्त्याने जाते, सगळं सांगितलं. "अर्धी तपासतेत, अर्धी सील करून ठेवतेत. मागशीन तवा मी सोता आनून देईन."

"आन् तुमची कुठी हाय?" चालकाने विचारलं.

साडू उठले, एक रिकामी बाटली घेऊन पडद्यामागे गेले, भरून आणली, सील लावलं, वर स्वतःचं नाव लिहिलं आणि ती चालकाच्या हातात ठेवली. "तुही माह्यापाशी, माही तुह्यापाशी. आता डर कायचा?"

चालकाने बाटली उन्हात धरून पाहिली, गमछ्यात गुंडाळली आणि पडद्यामागे गेला. मागचे दोघे "मंग आमाले?" म्हणत पुढे सरकले, तेव्हा आपली टाकी रिकामी झाल्याचं साडूंनी जाहीर केलं. पुढे रिपोर्ट साफ आला आणि चालकाची गाडी चालू राहिली.

यंदा साडूंना कावीळ झाली. नागभीडच्या दवाखान्यात मी त्यांच्याजवळ बसलो होतो, तेव्हा तो चालक दारात उभा राहिला. यार्डात बाटल्या घ्यायला नवा माणूस आला होता, त्याच्याकडून याला आजारपण कळलं होतं. बसने आला होता बिचारा. त्याने गमछा सोडून बाटली खाटेवर ठेवली.

"मी काई केलो नाई, भाऊ. पाहा, सील तसंच हाय."

साडूंनी आधी बाटली खिडकीकडे धरून रंग पाहिला. सवय ती सवय. मग त्यांना समजलं. आपल्यापाशी ठेवलेल्या बाटलीमुळे तर साडूंना हे दुखणं लागलं नाही ना, हा घोर घेऊन चालक एवढ्या लांब आला होता. साडूंचा पिवळा चेहरा एकदम लहान दिसला.

"माही?" चालकाने हळूच विचारलं.

साडूंनी बाटली परत खाटेवर ठेवली. "मुदत सरली का फेकतेत, भाऊ. तुही बी फेकली असंन. मी विचारलोच नाई."

चालक रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. त्याने बाटली पुन्हा गमछ्यात गुंडाळली.

"मंग हे माह्यापाशीच राहू द्या. मले फेकता येत नाई. बरे व्हा तुमी."

आणि बस चुकेल म्हणून तो निघाला. साडू दाराकडे पाहत राहिले. जरा वेळाने मला म्हणाले, "त्याले चा तरी विचारा लागत होता."