चटणी न विकता आलेला माणूस

पद्माक्का, गुडघा काय म्हणतोय? रफिकभाई, खोकला थांबला का? मल्लप्पा, साखर आटोक्यात आहे, का जिलेबी चालूच?

ताईसोबत एचआयव्हीचं काम केलेले आपण सगळे, म्हणून आपल्या ग्रुपवरच विचारतो. परदेशातला निधी थांबला, ताईचं काम सुटलं. आज दुपारी आमच्या गल्लीत एक गडी आला. गळ्यात ओळखपत्र, तोंडात साखर. "काका, एचआयव्हीच्या गोळ्या घेणारे इथं कुठं राहतात? आता आमची संस्था बघणार."

माझ्या मनात पाल चुकचुकली. ताईनं तो शब्द गल्लीत कधी काढला का? ती शेंगाची चटणी विकत यायची. ज्याला बोलायचं असेल तो चटणी घ्यायला बाहेर यायचा, शेजाऱ्यांना पत्ता लागायचा नाही. आणि हा भर रस्त्यात घरं विचारतोय!

म्हटलं, "हितं टॉवेल विणत्यात, साहेब. पुढं जावा."

तो गेला आणि आमचं बोलणं ऐकून ताईच्या ओळखीची गल्लीतली एक लेक दारात आली. तिच्या गोळ्या संपत आल्यात. सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, पण ताईच्या सोबतीशिवाय तिचं पाऊल उचलत नाही.

"काका, त्यो खरंच मदतीला आला असला तर?"

उद्या तिच्यासंगं मी जाईन, पण बाकीच्यांचं काय?

तो तुमच्याकडं आला होता का? खरा असेल तर त्याला चटणी विकायला शिकवू, खोटा असेल तर सगळ्यांना सावध करू. लवकर लिहा, तुमचं उत्तर ऐकायला लेक अजून दारातच उभी आहे.