ऑगीकाकांचं हेल्मेट

दर रविवारी सकाळी ऑगीकाका जॅन्डल्स, म्हणजे रबरी चपला, हातात धरून पिचवर अनवाणी फिरायचे आणि मध्येच थांबून टाचेनं माती दाबून बघायचे. अवोन्डेल या आमच्या परदेशातल्या उपनगरातल्या त्या मैदानाची निगा त्यांच्याकडे होती. आम्ही पुण्या-मुंबईकडची आयटीवाली मंडळी तिथल्या रविवारच्या बाजारातली कोथिंबीर गाडीत टाकून तिथे खेळायला जमायचो. अंपायर म्हणून उभे राहायचे तेच. माणूस वेस्ट इंडीजचा, वय सत्तरीपुढचं, म्हणून आम्ही काका म्हणू लागलो. काका म्हणजे वडिलांचा भाऊ, असं सांगितल्यावर म्हणाले, "मग काकाचं ऐकायचंही. नुसतं म्हणायचं नाही."

त्यांना क्रिकेट कितपत कळतं, याबद्दल आमचं मत बेताचंच होतं. मी कॉलेजच्या दुसऱ्या संघातला राखीव खेळाडू. तेवढ्या भांडवलावर मी एकदा त्यांना यॉर्कर कसा टाकतात हे सविस्तर समजावून सांगितलं होतं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं आणि "स्वीट ॲज," म्हणाले, म्हणजे इथल्या बोलीत 'झकास'. आज ते आठवलं की मला तोंड लपवावंसं वाटतं.

त्यांचा हट्ट एकच. हेल्मेटशिवाय बॅटिंग नाही. इथे लेदर बॉलनं खेळत असलो तरी आम्ही टेनिस बॉलवर वाढलेले. हेल्मेट घालणारा आमच्या लेखी घाबरट. एकदा मी नुसती टोपी घालून उभा राहिलो, तर काकांनी माझ्यामागचे तिन्ही स्टंप उपटले, काखेत मारले आणि चालू लागले.

"काका, इट्स ओन्ली अ फ्रेंडली!" मी ओरडलो.

"ते बॉलला ठाऊक नसतं, मॅन. तुझी आई कोण, तेही बॉलला ठाऊक नसतं."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी चिडून म्हणालो, "आम्ही लहानपणापासून खेळतोय. आम्हाला क्रिकेट शिकवू नका."

"अरे घाल ना बाबा, हीप्स टाइम वेस्ट होतोय," आमचा बोलर निखिल इथल्या बोलीत वैतागला. काकांनी स्वतःच्या पिशवीतलं हेल्मेट माझ्या डोक्यावर चढवलं आणि पट्टाही स्वतःच आवळला.

दोन आठवड्यांनी निखिलचा एक चेंडू अचानक उसळला आणि कानाच्या जागी, हेल्मेटवर, आदळला. मी खाली बसलो, पण मला काहीच झालं नव्हतं. काका मात्र रोलरच्या आड जाऊन ओकत होते. मग परत आले. "आईला फोन कर. आत्ता," एवढंच म्हणाले. मला हसू आलं. उगाच तिच्या जिवाला घोर कशाला? मी फोन केला नाही. काका भित्रे आहेत, हे आम्ही त्या दिवशी चहा पिता पिता ठरवूनही टाकलं.

पुढच्या महिन्यात काका हॅमिल्टनला लेकीकडे राहायला गेले. त्यांचं हेल्मेट माझ्याकडेच राहिलं होतं, ते द्यायला मी एका रविवारी गेलो. भिंतीवर एक जुना फोटो होता. पांढऱ्या कपड्यांतले अकरा जण, मधोमध तरुण काका आणि त्यांच्या हातात चेंडू.

"डॅड त्यांच्या आयलंडकडून फर्स्ट क्लास खेळले. दोन सीझन, ओपनिंग बोलर. त्यांनी सांगितलं नाही?" लेक म्हणाली.

मी मटकन सोफ्यावर बसलो. या माणसाला मी यॉर्कर शिकवला होता!

मग तिनं आवाज उतरवून पुढचं सांगितलं. सरावात काकांचा एक चेंडू उसळून त्यांच्या मित्राच्या कानावर बसला होता. मित्र शेजारच्याच घरातला. डोक्यावर नुसती टोपी. तो उठलाच नाही. त्याच्या आईनं काकांना लहानपणी स्वतःच्या हातानं जेवू घातलेलं. तिला सांगायला काकाच गेले. त्यानंतर त्यांनी कधी चेंडू टाकला नाही.

काका मागच्या बागेत बसले होते. मी हेल्मेट पुढे केलं. पोचा आला होता तिथे त्यांनी अंगठा फिरवला. माझी माफी ऐकूनच घेतली नाही.

"आईला फोन केला होतास?"

मी मान हलवली. नाही. मला स्वतःची लाज वाटत होती. तिथेच फोन लावला आणि स्पीकर चालू केला. इथे दुपार होती, पुण्यात नुकतं उजाडलं असणार.

"काय रे, एवढ्या सकाळी? बरा आहेस ना?"

मी काही बोलायच्या आतच काका फोनकडे वाकले.

"मदर," ते सावकाश म्हणाले, "युअर बॉय इज ऑल राइट." आणि ते हमसून हमसून रडू लागले.

"अरे, कोण रडतंय?" आई घाबरली.

"काका आहेत," मी म्हटलं.