कोंबडी शिजली की नाही, हे मला कोण सांगणार?

मंडळी, आज डोकं फिरलंय.

मला दिसत नाही, आणि कर्वेनगरच्या आमच्या गच्चीवर मी कोळशावर चिकन भाजतो, हे तुम्हाला माहीत आहेच. मागच्या वेळी एक तंगडी आतून कच्ची राहिली आणि भाची चांगलीच आजारी पडली. म्हणून दुपारी बायकोबरोबर, म्हणजे मेधाबरोबर, बुधवार पेठेत एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात गेलो. मांसात खुपसायचा, तापमान बोलून सांगणारा थर्मामीटर हवा होता.

दुकानदाराने मेधाला विचारलं, "यांना काय हवंय?"

"यांनाच विचारा की," ती म्हणाली.

मी सांगितलं. त्याने तापाचा बोलणारा थर्मामीटर पुढे केला.

"अहो, कोंबडीला ताप आलेला नाही."

मग मोबाइलला जोडायचा एक निघाला. माझा फोन स्क्रीनवरचं वाचून दाखवतो. मी उत्साहाने थर्मामीटरचं ॲप उघडलं, तर फोन म्हणाला, "बटन. बटन. बटन." आकड्याचा पत्ता नाही.

"मॅडम बघून सांगतील ना," दुकानदार म्हणाला. "नाहीतर भाजायचं त्यांच्यावरच सोपवा."

"मला अंडंही धड उकडता येत नाही," मेधा म्हणाली.

रिकाम्या हातांनी परत आलो. संध्याकाळी भीतीपोटी चिकन इतका वेळ भाजलं की चिवट झालं. तरी भाचीने हळूच विचारलंच, "मामा, आज नक्की शिजलंय ना?"

मेधाने तुकडा फोडून बघितला, तेव्हा कुठे मी "हो" म्हणालो.

स्क्रीनवर दिसणारा आकडा मोठ्याने बोलायला एवढं काय अवघड आहे? असा थर्मामीटर कुणी वापरलाय का? मला ते "हो" स्वतःच्या भरवशावर म्हणायचंय.