दीपमालाचा पाय

चांगुणा मखमलाबादची. घरच्या थोड्या जमिनीत मेथी-कोथिंबीर, बांधाच्या कडेनं झेंडू. नवरा फकिरा माल बाजारात न्यायचा, मागचं सगळं ती बघायची. साप निघाला तरी डगमगायची नाही. भीती एकाच गोष्टीची, सुईची. लहानपणी धाकट्या भावाला, झिपरूला, तापात सुई दिली आणि त्याचा पाय कायमचा लुळा पडला. तो पोलिओ होता हे पुढं कळलं, पण मनातली भीती गेली नाही.

१९९८ साली तिच्या पाच वर्षांच्या दीपमालाचं हर्नियाचं ऑपरेशन गंगापूर रोडच्या एका दवाखान्यात झालं. भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी आधीच सांगितलं होतं, "ती झोपली की जांघेजवळ बधिर करायचं इंजेक्शन देऊ. म्हणजे उठल्यावर दुखणार नाही."

पोर जागी झाली, खरंच रडली नाही. लघवीला म्हणून चांगुणानं तिला खाली उतरवलं, तर उजवा गुडघा दुमडला आणि ती मटकन बसली. पुन्हा उभं केलं. पुन्हा तेच.

"भूल उतरली नसंल अजून," फकिरा म्हणाला.

"झिपरूचं असंच झालतं," एवढंच ती बोलली.

डॉक्टरबाई धावत आल्या. दीपमालाचा पंजा हलत होता, पण गुडघा तिला सरळ करता येईना. झिपरूची हकिकत ऐकून त्या चांगुणाशेजारी कॉटवरच बसल्या.

"ताई, हा पोलिओ नाही. औषध आतून पसरत मांडीच्या नसेपर्यंत गेलंय. क्वचित होतं असं. जोर ओसरला की पाय चालेल."

"आन् नाय चालला तर?"

"सकाळपर्यंत चालायला हवा. नाहीच चालला तर मी मोठ्या डॉक्टरांना बोलावीन. आज घरी पाठवत नाही. तिला एकटीला उतरू देऊ नका, आणि त्या पायाला गरम काही लावू नका, तिला चटका कळायचा नाही."

चांगुणा मांडी चाचपत बसून राहिली. दिवेलागणीला पोर कुरकुरली, "आई, पायाला मुंग्या येत्यात." थोड्या वेळानं उकडतंय म्हणून तिनं पांघरूण लाथाडलं. उजव्याच पायानं.

चांगुणानं तिला हळूच उभं केलं. पोर भिंतीला धरून दारापर्यंत गेली. दारात डॉक्टरबाई उभ्या होत्या. त्यांनी डोळे मिटून मोठा श्वास सोडला.

"लय घाबरले व्हते मी," चांगुणा म्हणाली.

"मीपण," त्या म्हणाल्या.

पुढं शेजारच्या झुंबरबाईच्या नातवाचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा चांगुणा आपणहून सोबत गेली.